अडगळीमागील माणूस

जुने जपून ठेवणे हा आपल्या समाजात दोष म्हणून कधीच गणला गेला नाही. रिकामी बाटली, सुतळीचा तुकडा, मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका, लग्नपत्रिकेची कोरी पाठ, यांतले काहीही टाकून देताना आपल्या आजीचा हात क्षणभर अडखळत असे. आणि ‘असू दे, कधीतरी उपयोगी पडेल’ या एका वाक्यावर कित्येक ओढगस्तीचे संसार निभावून गेले. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या झाल्या, विटक्या धोतरांची फडकी झाली, उरलेसुरले बोहारणीने नेले आणि त्याचे पातेले दिले. कौटुंबिक मासिकांनी तर ‘टाकाऊतून टिकाऊ’ या मथळ्याखाली वर्षानुवर्षे हाच धडा गिरवून घेतला. म्हणूनच एखाद्या वृद्धाच्या घरातील साठवण मर्यादेबाहेर गेली, तरी ती गोष्ट आपल्या ध्यानात फार उशिरा येते. काटकसर कोठे संपली आणि दुखणे कोठे सुरू झाले, याची रेघ कुणी जमिनीवर आखून ठेवलेली नसते. असलीच तर तीही सामानाखाली झाकलेली असते.

हा विषय आज घेण्याचे कारण म्हणजे एका वाचक भगिनीचे पत्र. त्यांच्या यजमानांच्या आत्या जुन्या सुरतेतील एका फळियात, स्वतःच्या मालकीच्या दुमजली घरात एकट्या राहतात. वय ७८. आयुष्यभर महापालिकेच्या मराठी शाळेत शिकविले, यजमान जाऊन बरीच वर्षे झाली, मूलबाळ नाही. मेडीवर जाण्याचा जिना पस्तीच्या गठ्ठ्यांनी बंद झाला आहे. खाली साड्यांचे रिकामे खोके, धुऊन वाळवून ठेवलेल्या दुधाच्या पिशव्या, औषधांच्या बाटल्या आणि बाजारातून कधी काळी आणलेल्या चिंध्यांची गाठोडी छताला टेकली आहेत. न्हाणीघरात पाण्याने भरलेल्या बादल्या इतक्या, की अंघोळीला बसायला जागा नाही. आत्याबाई खुर्चीत बसूनच झोपतात, कारण पलंगावर सामान आहे. उंदीर झाले आहेत, वास येतो, शेजारी तक्रार करू लागले आहेत. भाच्यांनी बेत असा केला आहे, की आत्यांना आठ दिवस जळगावला लग्नकार्यासाठी न्यायचे आणि मागे दोन टेम्पो लावून घर रिकामे करायचे. रंग मारून, नवा पलंग टाकून, आल्यावर त्यांना आनंदाचा धक्का द्यायचा. ‘बेत चांगला आहे, तरी माझे मन का खाते ते कळत नाही,’ असे आमच्या भगिनी लिहितात.

त्यांचे मन खाते ते योग्यच आहे. हा बेत अमलात आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र घर आहे तसेच राहू द्यावे, असाही त्याचा अर्थ नव्हे.

प्रथम हे दुखणे काय आहे ते पाहू. वस्तू टाकवत नाहीत, टाकण्याच्या नुसत्या कल्पनेने जीव कासावीस होतो आणि त्यापायी राहती जागा वापरण्याजोगी उरत नाही, या अवस्थेला आता वैद्यकशास्त्राने स्वतंत्र विकार मानले आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या सूचीत त्याला वेगळे स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तो आहे. त्यापूर्वी त्याची गणना मंत्रचळाच्या पोटातच होत असे. पाश्चात्य देशांतील पाहण्यांचा एकत्रित अंदाज शंभरात दोन ते तीन माणसे असा आहे. या सवयीची मुळे बहुधा तरुणपणातच रुजलेली असतात आणि वाढत्या वयाबरोबर तिचा जोर वाढत जातो. जोडीदार जिवंत असेपर्यंत तो किंवा ती रोज चार वस्तू गुपचूप बाहेर टाकीत असते. तो हात गेला की बांध फुटतो.

घाणीची गोष्ट मात्र निराळी आहे. साठवण आणि अस्वच्छता पुष्कळदा एकत्र नांदतात, पण त्या एक नव्हेत. काही घरे खच्चून भरलेली असूनही कोरडी व झाडलेली असतात. काही घरांत सामान बेताचे असून अन्न कुजत पडलेले असते. या दुसऱ्या प्रकाराविषयी १९७५ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडमधील प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध आला. त्याच्या तीन लेखकांपैकी एकाचे आडनाव मंकीकर, म्हणजे आपल्याकडील वाचकाला चटकन ओळखीचे वाटावे असे होते. अत्यंत दुर्लक्षित अवस्थेत रुग्णालयात दाखल झालेल्या ३० वृद्धांची, १४ पुरुष व १६ स्त्रियांची, ही पाहणी होती. तिच्यातील निष्कर्ष आजही विचार करायला लावतात. दोघांचा अपवाद सोडता सारे एकटे राहत होते. गरिबी हे मुख्य कारण नव्हते. निम्म्यांच्या ठिकाणी कोणताही मनोविकार सापडला नाही, उलट त्यांची बुद्धी सर्वसाधारणाहून वरच्या दर्जाची आढळली. कित्येकांनी नोकरीव्यवसायात चांगले नाव कमावले होते. त्यांच्या शरीरात लोह, जीवनसत्त्वे, प्रथिने, इतकेच काय पाणीदेखील कमी पडलेले होते. तीसपैकी जवळजवळ निम्मे दगावले. जे वाचले, त्यांतील बहुतेक मात्र चांगले सुधारून घरी गेले.

लेखकांनी या अवस्थेला डायोजिनीस या ग्रीक तत्त्ववेत्त्याचे नाव दिले, ते मात्र अन्यायाचे झाले. हा गृहस्थ मातीच्या मोठ्या रांजणात राहत असे आणि संग्रहाच्या नावाने त्याच्याकडे शून्य होते. एका पोराला ओंजळीने पाणी पिताना पाहून त्याने आपल्याजवळचा एकुलता एक पेलाही फेकून दिला, अशी कथा सांगतात. असो. नावे ठेवणाऱ्यांनी त्याचा रांजण तेवढा पाहिला असावा.

या पाहणीतला मुद्दा आत्याबाईंच्या संदर्भात महत्त्वाचा आहे, तो असा, की ‘शिकलेली बाई, चार पिढ्यांना स्वच्छतेचे धडे दिले, आणि हे काय?’ हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न मुळातच फसवा आहे. शिक्षण या दुखण्याला अडवीत नाही. त्यामागे स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. मेंदूच्या पुढच्या भागाचा ऱ्हास होतो तेव्हा तर लाजलज्जा आणि नीटनेटकेपणाची जाणीवच आधी जाते. खोल उदासी असू शकते. आणि कधीकधी कारण अगदी साधे असते. गुडघे वाकत नाहीत म्हणून केर काढता येत नाही, मोतीबिंदूमुळे जाळी दिसत नाही. वयाबरोबर नाकही मंदावते. शेजाऱ्यांना तिसऱ्या घरापर्यंत येणारा वास घरातल्या म्हातारीला येतच नसतो, आणि शेजारी खोटे बोलतात असे ती शपथेवर सांगते.

सुरतेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि तापीने बहुतेक शहर पोटात घेतले. अनेक भागांत पाणी काही दिवस उतरले नाही. वीज नाही, प्यायला पाणी नाही, आणि ओसरल्यावर प्रत्येक दारापुढे चिखलात भिजलेल्या संसाराचा ढीग. त्या ढिगांत लग्नातले फोटो होते, मुलांची प्रमाणपत्रे होती, गेलेल्या माणसांची हस्ताक्षरे होती. आमच्या भगिनींच्या पत्रात एक वाक्य ओझरते येऊन गेले आहे: ‘पुरात आत्यांच्या यजमानांचे सगळे कागद गेले.’ न्हाणीघरातील भरलेल्या बादल्यांचा अर्थ मग वेगळा दिसू लागतो. मोठे दुःख किंवा हानी सोसल्यानंतर साठवण बळावल्याची उदाहरणे या विषयाच्या अभ्यासकांनी नोंदविलेली आहेत. आत्याबाईंच्या बाबतीत तसेच झाले असेल असे दुरून सांगणे धाडसाचे होईल. पण भाच्यांनी टेम्पो ठरविण्यापूर्वी निदान एकदा, चहाचा कप हाती घेऊन, त्या पुराविषयी आत्यांना विचारावे.

झटक्यात सफाई करण्याचा मोह सुरतकरांना होणे स्वाभाविक आहे, कारण या शहराने तो चमत्कार डोळ्यांनी पाहिला आहे. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीने काही लाख माणसे शहर सोडून पळाली. पुढल्या मे महिन्यात एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांना त्यांनी थंड खोल्यांतून काढून रोज रस्त्यावर उभे केले, अतिक्रमणे पाडली, घाण करणाऱ्यांकडून दंड घेतला, रात्री रस्ते झाडविले. वर्षा-दीड वर्षात सुरतेची गणना देशातल्या स्वच्छ शहरांत होऊ लागली, आणि २०२३ च्या केंद्रीय स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या जोडीने तिला पहिला क्रमांक मिळाला. या शहरात उंदीर दिसला की शेजारी घाबरतात, तो त्यांचा चोखंदळपणा नव्हे. ज्यांनी तो सप्टेंबर पाहिला त्यांना तो हक्क आहे.

परंतु रस्त्याचे मन दुखावत नाही, माणसाचे दुखावते. साठवणाऱ्याच्या दृष्टीने ती रद्दी नसते. त्यातला प्रत्येक कागद ही एखादी आठवण असते, एखादी जबाबदारी असते, किंवा ‘फेकला आणि नेमका लागला तर?’ ही भीती असते. पाठीमागून घर रिकामे केले की परत आलेल्या माणसाला तो चोरीचा आणि मृत्यूचा मिळून धक्का बसतो. उपचार करणाऱ्यांचा अनुभव असा, की अशी घरे थोड्याच काळात पुन्हा भरतात आणि त्यानंतर दार मात्र उघडत नाही. ज्या भाच्यांवर आत्यांचा आज विश्वास आहे तो एकदा गेला, तर पुढे रक्त तपासायला, डोळे दाखवायला, रात्री पडल्या तर उचलायला त्या कुणाला हाक मारणार? त्यातून घर जुन्या शहरातले, मोक्याच्या जागेवरचे. भाच्यांचा हेतू कितीही निर्मळ असला तरी ‘घरावर डोळा ठेवून मला बाहेर काढले’ असे आत्यांना वाटले, तर ते खोडून काढायला त्यांच्याजवळ काय पुरावा राहील?

उलट बाजूचा अपराध याहून सोपा, आणि म्हणून अधिक घडणारा आहे. ‘त्यांची मर्जी, आपण काय बोलणार’ असे म्हणून दार लोटून घेणे. २०२० च्या डिसेंबरात राजकोटमध्ये एका स्वयंसेवी संस्थेने दार तोडून तीन प्रौढ भावंडांना बाहेर काढले. आई गेल्यानंतर सुमारे दहा वर्षे ती तिघे त्या खोलीत कोंडून घेऊन होती आणि वडील बाहेरून जेवण ठेवीत होते, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले. २०२५ साली नवी मुंबईत एक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ तीनहून अधिक वर्षे आपल्या फ्लॅटमध्ये घाणीत एकटे राहिल्याचे उघडकीला आले. आईवडील गेलेले, जेवण मोबाइलवरून मागविलेले, दार उघडायचे ते केवळ पुडके घेण्यापुरते. ही माणसे वृद्ध नव्हती. पण दोन्ही ठिकाणी भिंतीला भिंत लागून माणसे राहत होती. मर्जी म्हणजे काय, हे विचारायलाही आधी दार वाजवावे लागते.

कायदा या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे. मानसिक आरोग्यसेवेचा २०१७ चा कायदा प्रत्येक माणसाला स्वतःचा निर्णय घेण्याची क्षमता आहे असेच धरून चालतो. उपचाराबद्दलचा एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून ती क्षमता नाही असे ठरत नाही. तेव्हा ‘वेड लागले आहे’ म्हणून कुणाला उचलून नेता येत नाही. दुसरीकडे, ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीचा २००७ चा कायदा अपत्यहीन वृद्धांच्या अशा नातेवाइकांवरही जबाबदारी टाकतो, ज्यांच्याकडे त्यांची मालमत्ता पुढे वारशाने जाणार आहे. वारसा हवा तर सांभाळही करा, असा त्याचा रोख. हे कलम पुष्कळ भाच्या-पुतण्यांना ठाऊक नसते.

आता प्रत्यक्ष काय करावे. सर्वांत आधी जिवाचा धोका दूर करावा, आणि तोही आत्यांना सांगून. खुर्चीपासून न्हाणीघरापर्यंत व तेथून बाहेरच्या दारापर्यंत हात-दीड हात रुंदीची मोकळी वाट, शेगडीभोवती कागद-कापड नाही, उघड्या वायरी नाहीत, पाणी झाकलेले. एवढे पहिल्या महिन्यात झाले तरी पुष्कळ. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या अग्निशमन दलाने दहा वर्षांच्या आगी तपासल्या, तेव्हा खच्चून भरलेल्या घरांतील आगी एकूण घरगुती आगींच्या पाव टक्काच निघाल्या, परंतु टाळता येण्याजोग्या मृत्यूंपैकी सुमारे चोवीस टक्के त्यांत झालेले होते. जुन्या सुरतेतील लाकडी घरे, अरुंद गल्ल्या आणि त्यांत नायलॉनच्या चिंध्या, यांचा हिशेब ज्याने त्याने करावा. ही भीती आत्यांना सरळ शब्दांत सांगता येते. ‘तुमचे सामान वाईट’ यापेक्षा ‘तुम्ही रात्री अडखळून पडाल याची आम्हांला धास्ती वाटते’ हे वाक्य ऐकून घेतले जाते.

दुसरे, वैद्यकीय तपासणी. ती मनाच्या डॉक्टरांपासून सुरू करू नये. रक्त, थायरॉइड, बी-बारा जीवनसत्त्व, डोळे, गुडघे आणि मग स्मरणशक्ती, या क्रमाने नेहमीच्या डॉक्टरांकडून करून घ्यावी. पुढे लागल्यास नव्या सिव्हिल रुग्णालयात किंवा महापालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. नुसत्या गोळीने ही साठवण जात नाही. बोलून, सवय लावून, वस्तू हातावेगळी करताना येणारी बेचैनी थोडी थोडी सोसायला शिकवून केलेल्या उपचाराचा उपयोग होतो. तोही बेताचा, आणि महिने घेणारा. स्मृतिभ्रंश असेल तर मार्ग निराळा, कारण तेथे शिकविण्यापेक्षा सोबतच अधिक लागते.

सामानाला हात लावायचा तो आठवड्यातून एकदा, पाऊण तासापेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक वस्तू आत्यांच्या हातून जाऊ द्यायची. कुजलेल्या खाण्यापासून आरंभ करावा, कारण त्याबद्दल सहसा वाद होत नाही. ‘कचरा’ हा शब्द उच्चारू नये. वस्तू कुणाला तरी उपयोगी पडणार आहे असे कळले की तीच मूठ सैल होते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. चिंध्या गोधड्या शिवणाऱ्या बाईला, वह्यांची कोरी पाने शाळेतल्या मुलांना. आत्याबाई शिक्षिका होत्या. लिंबायत-उधन्याकडच्या एखाद्या मराठी शाळेतील मुलींनी येऊन पुस्तके मागितली, तर त्या स्वतः निवडून देतील अशी आम्हांला आशा वाटते. यजमानांच्या नावाचा एखादा चतकोर कागद जरी निघाला, तरी तो वेगळ्या डब्यात, त्यांच्या उशाशी ठेवावा. वर्षाअखेर निम्मे घर भरलेलेच राहील. राहू द्यावे.

शेजाऱ्यांनाही बोलावून खरे ते सांगावे, की काम सुरू आहे, सहा महिने द्या. उंदरांचा बंदोबस्त आणि डासांची फवारणी याला मात्र थांबता येत नाही. तेथे महापालिकेचा माणूस येईल त्या दिवशी घरचे कुणीतरी, शक्यतो आत्यांचे लाडके, सकाळपासून त्यांच्याजवळ बसलेले हवे. जळगावच्या लग्नाला त्यांना जरूर न्यावे. घराची किल्ली त्यांच्याच पिशवीत असू द्यावी.

ज्या घरात असे भाचे नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, तेथील शेजाऱ्यांसाठी दोन क्रमांक येथे देत आहोत. ज्येष्ठ नागरिकांसाठी शासनाची साहाय्यवाहिनी १४५६७, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत. आमच्या भगिनींना एवढेच आणखी सुचवितो, की पस्तीवाला पहिला गठ्ठा नेईल तेव्हा वजन आत्यांच्या समोर करावे, आणि जे काही पंचवीस-पन्नास रुपये येतील ते तेथल्या तेथे त्यांच्या हातावर ठेवावेत.